सटवाजी नावाड्याने तिसरा दरवाजा मागितला त्याची हकीकत

श्रीगणेश प्रसन्न. दोन्ही तीरांची जी माता नदी, तीस साष्टांग दंडवत. आणि जे बोलिले तयांचे बोल लिहिणारास बळ मिळो, जे न बोलता उभे राहिले तयांनी क्षमा करावी. शके सोळाशे त्रेपन्न, विरोधकृत् नाम संवत्सरे, चैत्रमासापासोन जे वर्तमान जाहले ते जैसे पाहिले आणि जैसे ऐकिले तैसे, पदरचे काही न घालता, येणेप्रमाणे लिहितो.

एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्या राज्यात दोन घराणी थोर, एक उगवतीकर आणि दुसरे मावळतीकर, आणि या दोहोंखेरीज तिसऱ्या कोणी गादीवर बसावे ऐसे कोणाच्या स्वप्नीही आले नव्हते. राज्याची चाल ऐशी की, मुदत भरली म्हणजे कसब्याबाहेर कौलाचे मैदान, भोवती दगडी भिंत, भिंतीस दोन दरवाजे, एक उगवतीस आणि एक मावळतीस, तेथे सर्व रयतेने सकाळी जमावे, बाया आणि पुरुष दोन्ही, आणि आत येताना कोठूनही यावे, त्याची विचारपूस नाही. परंतु घरी जाताना ज्या दरवाज्याने बाहेर पडावे त्या दरवाज्यावरच्या रांजणात एक खडा टाकावा, आणि मैदान अगदी रिकामे जाहले म्हणजे कौलाचे नियम सांभाळणाऱ्या शास्त्रीबोवांनी शिंग फुंकवावे, मग खडे मोजावे, आणि ज्याचे खडे अधिक तयाने गादीवर बसावे. आत एकही माणूस उरला असता शिंग फुंकू नये, हा मूळ पुरुषांनी घालून दिलेला नियम, आणि तो कधी मोडला नव्हता, कारण घरी जाणे सर्वांसच असते.

दोन्ही घराण्यांचे वैर म्हणावे तर ऐसे की, एकाने देवळास सोन्याचा कळस म्हटला तर दुसऱ्याने चांदीची पालखी म्हणावी, एकाच्या स्वारीपुढे नगारा वाजला तर दुसऱ्याच्या स्वारीपुढे दोन वाजावे, आणि कौलाचे दिवस जवळ आले म्हणजे उगवतीकरांनी मावळतीकरांची सात पिढ्यांची लक्तरे चव्हाट्यावर मांडावी आणि मावळतीकरांनी आठव्या पिढीची शोधून आणावी. रयत हे ऐकून ऐकून ऐशी जाहली की, आपणास काय हवे हे कोणी कोणास विचारीना; कोण नको एवढेच विचारीत, आणि जो नको त्याच्या उलट दरवाज्याने पळत सुटत. ऐसे करिता करिता गादीवरचे माणूस बदले आणि गादीखालचे काही बदलेना.

त्या राज्यात नदीपलीकडे पैलगाव म्हणोन एक गाव होते. बाजार अलीकडे, वैद्य अलीकडे, सुईण अलीकडे, आणि पावसाळ्यात नदी दोन्ही थड्या भरोन चालली म्हणजे नावही चालत नसे. तेथे सटवाजी नावाडी राहात असे. तयाची बायको कोंडाबाई, लेक गलबतावर चाकरीस दूर दर्यावर, आणि घरी सून ठकूबाई. या ठकूबाईस दोन पावसाळ्यांपूर्वी ऐन पुरात कळा सुरू जाहल्या, आणि भिमा सुईण अलीकडच्या थडीवर उभी राहून ओरडोन ओरडोन सांगे की असे करा, तैसे करा, परंतु पाण्याच्या आवाजापुढे तिचा शब्द पोहोचेना, आणि बाळ गेले. आता ठकूबाई पुन्हा गरोदर होती, आषाढात मोकळी व्हावयाची होती. म्हणोन सटवाजीने मनात धरिले की यंदा नदीवर पूल झालाच पाहिजे.

हे ऐकोन पैलगावचा हैबती तेली, जो तयाचा लहानपणापासूनचा सोबती, तो हसला आणि म्हणाला, "अरे सटवा, नावाड्यानं पूल मागायचा? उद्या तुझ्या नावेत बसंल कोण? तिच्यात काय कोंबड्या पाळणार व्हय?"

सटवाजी म्हणाला, "पाळीन की. सून बाळाला कडंवर घिऊन त्यास्नी दाणं टाकंल."

हैबती म्हणाला, "बरं, मग सुनंला पावसाआधी अलीकडं आणून ठेव. पूल कशाला पायजे?"

सटवाजी म्हणाला, "माझ्या सुनंला आणीन रं. गावातल्या समद्या सुना कुठं आणून ठिवू? तुझ्या बाजारातल्या घाण्यावर?" तेव्हा हैबतीचे हसणे थांबले, कारण तयाची स्वतःची लेकही तिसऱ्या महिन्यात होती.

मग सटवाजी डोईस धडसे पागोटे बांधोन प्रथम उगवतीकरांच्या देवडीवर गेला, कारण गादी त्या समयी तयांची होती. तयांचे कारभारी अंताजीपंत सदरेवर बसले होते, तयांनी सर्व ऐकोन घेतले आणि मोठ्या खेदाने बोलिले, "पूल तर आमच्या थोरल्या महाराजांनीच बांधिला असता. मावळतीकरांनी बांधू दिला नाही."

सटवाजी म्हणाला, "पंत, राज्य तर तवा तुमचंच हुतं."

अंताजीपंत बोलिले, "राज्य आमचे, पण आडकाठी त्यांची."

तेथून तो मावळतीकरांकडे गेला. तेथील कारभारी चिंतोपंत, मनुष्य गोड, तयांनी गूळपाणी दिले आणि बोलिले, "आमची पाळी येऊ दे, सटवाजी. पहिला दगड आमच्या हातचा."

"मागल्या पाळीला बी हेच गूळपाणी पिऊन गेलो हुतो, पंत."

चिंतोपंत बोलिले, "मग उगवतीकरांकडे जा. ते बरे वाटतात काय तुला?"

ते काही सटवाजीस बरे वाटत नव्हते, म्हणोन तो पागोटे सावरोन उठला. आणि त्या राज्यात कोणी काहीही मागितले असता शेवटी हाच प्रश्न पुढे येत असे, आणि येथेच सर्व बोलणे संपत असे.

परंतु सटवाजी घरी जाऊन चार दिवस नाव वल्हवीत राहिला आणि वल्हविता वल्हविता तयाचे मनी आले की, दोघेही बरे नाहीत तर तिसरा का नको. मग तो थेट शास्त्रीबोवांकडे गेला आणि हात जोडोन म्हणाला की, मी कौलास उभा राहतो, मला भिंतीत एक दरवाजा पाडोन द्यावा, उत्तरेच्या अंगास, जिकडे नदी आहे. पूल बांधीन आणि गादीवरून उतरेन, मला दुसरे काही नको.

हे वर्तमान त्याच दिवशी दोन्ही देवड्यांवर पोहोचले, आणि जे पिढ्यान्‌पिढ्या घडले नव्हते ते घडले. अंताजीपंत आणि चिंतोपंत, जे एकमेकांच्या सावलीस उभे राहत नसत, ते शास्त्रीबोवांच्या ओटीवर एका जाजमावर बसले, एका तबकातला विडा घेतला, आणि दोहों मुखांनी एकच गोष्ट बोलिले की, भिंत पूर्वजांची आहे, तिला भोक पाडणे म्हणजे पूर्वजांच्या छातीस भोक पाडणे. शास्त्रीबोवांनी मान डोलविली, आणि दरवाजा नामंजूर जाहला. सटवाजीस सांगणे जाहले की, तुला उभे राहण्यास मनाई नाही, सुखेनैव उभा राहा. परंतु तुझ्या लोकांनी बाहेर कोठून पडावे हा तुझा तू विचार कर.

तेव्हा सटवाजीने विचार केला, आणि गावोगाव नावेने आणि पायी जाऊन सांगितले की, मला दरवाजा नाही, तर माझ्या माणसांनी बाहेर पडूच नये. मैदानात बसोन राहावे. मैदान रिकामे होत नाही तोवर शिंग फुंकता येत नाही, आणि शिंग फुंकिले नाही तर दोघांसही गादी नाही. मग येतील दोघे झक्कत आणि पूल कबूल करतील. ही गोष्ट लोकांस फार पटली. ज्याला त्याला आपले काही ना काही राहिलेलेच होते, कोणाचा पाट, कोणाची वाट, आणि जो तो म्हणे, "बसू की. सटवानं डोकं चालवलं."

मग कौलाचा दिवस उजाडला. मैदान सकाळीच भरले आणि दुपारचे ऊन डोक्यावर आले तरी दोन्ही रांजणांत चाकर माणसांच्या खड्यांवाचून खडा नाही. लोक जमिनीवर बसले होते, बायांनी पदर डोईवर घेतले होते, कोणी कांदाभाकर सोडली होती, आणि हैबती तेली मोठ्याने म्हणत होता, "बगा रं बगा, पंतांची तोंडं बगा! लग्नात वऱ्हाडच न्हाई आलं म्हंजी नवरदेवाचं हुतं तसं झालंय." आणि लोक हसत होते, आणि त्या राज्यात त्या मैदानात लोक कधी हसले नव्हते.

दिवस कलता दोन्ही कारभाऱ्यांनी खलबत केले, आणि मग उगवतीच्या दरवाज्यावर दवंडी पिटली गेली की, "हो ऽ, मावळतीच्या दरवाज्यानं लोक निघाले हो ऽ!" आणि त्याच घटकेस मावळतीच्या दरवाज्यावर पिटली गेली की, "हो ऽ, उगवतीच्या दरवाज्यानं लोक निघाले हो ऽ!" आणि निघाले कोणीच नव्हते. परंतु मैदान विस्तीर्ण, या टोकाचे त्या टोकास दिसेना, आणि लोक एकमेकांची तोंडे पाहू लागले. प्रथम एक म्हातारा उठला. त्याच्या भावाचे शेत मावळतीकरांनी मागल्या पाळीत खालसा केले होते, तो म्हणाला, "बसलो आसतो, पर ते आले तर?" आणि उगवतीच्या दरवाज्याकडे चालू लागला. त्यास जाताना पाहोन, ज्यांना उगवतीकरांचे भय होते ते मावळतीकडे धावले, आणि तयांना धावताना पाहोन दुसरे उगवतीकडे धावले, आणि मग कोणी कोणाचे ऐकेना. धूळ उडाली. जो तो ज्याला भीत होता त्याच्याकडे पाठ करोन पळत होता, आणि जो हवा म्हणोन बसला होता त्यास ओलांडोन जात होता.

हैबती तेली सटवाजीपाशी आला, तयाचे डोळे खाली होते. म्हणाला, "सटवा, खरं तुझंच हाय. पर उगवतीकरांनी माझा घाणा बंद पाडला हुता, तुला ठावं हाय. पुन्यांदा तेच बसले तर माझी चूल इझंल. पुढच्या कौलाला नक्की बसतो बग."

सटवाजी म्हणाला, "पुढच्या कौलाला तुझी लेक कुठं आसंल?" हैबतीने ऐकिले न ऐकिलेसे केले आणि मावळतीच्या दरवाज्याने गेला. मग कोंडाबाई उठली. तिचे माहेर उगवतीच्या डोंगरात, तेथे मावळतीकरांच्या स्वारांनी घरे जाळली होती आणि तिचा चुलता त्यात गेला होता. तिने नवऱ्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेविला आणि ती उगवतीच्या दरवाज्याने गेली. आणि मैदानात सटवाजी एकटा, उत्तरेच्या भिंतीस पाठ लावोन, बसोन राहिला.

मग दोन्ही कारभारी मैदानात आले आणि तयाच्या समोर एका घोंगडीवर बसले. अंताजीपंत बोलिले, "ऊठ आता. खडे जवळपास सारखेच दिसतात. तू कोणत्या दरवाज्याने जातोस?"

सटवाजी म्हणाला, "तुमाला कोनत्या दरवाज्यानं गेलेला आवडंल?"

तेव्हा अंताजीपंतांनी चिंतोपंतांकडे पाहिले, चिंतोपंतांनी अंताजीपंतांकडे पाहिले, आणि चिंतोपंत बोलिले, "कोठूनही जा, पण जा. तुला खरे सांगतो सटवाजी, हे अंताजीपंत नसते ना, तर लोकांनी मला विचारिले असते की तू काय केलेस. हे आहेत म्हणोन मी एवढेच म्हणतो की यांनी काय केले? आणि तेही तेच म्हणतात. आम्ही एकमेकांस हरवू शकतो रे. पण विचारणारा तिसरा आला तर आम्ही दोघेही जातो."

सटवाजी म्हणाला, "पूल करा, मी ह्यो उठलो." आणि उठला नाही.

नियम ऐसा की आतल्या माणसास हात धरोन बाहेर काढिता येत नाही, कारण ओढोन नेलेल्याचा खडा खोटा. म्हणोन तो तैसाच बसला, आणि शिंग फुंकिले गेले नाही, आणि राज्यास धनी उरला नाही. दिवस जाऊ लागले. सूर्य वेळेवर उगवला, बाजार भरले, म्हशी दुभल्या, आणि आश्चर्य हे की राज्यास धनी नाही हे कित्येक गावांच्या ध्यानातही आले नाही. तेणेकरोन दोन्ही कारभारी फार घाबरे जाहले, जितके ते एकमेकांस कधी घाबरले नव्हते. कोंडाबाई रोज बाहेरून भिंतीवरोन दोरीने भाकरी सोडीत असे. एके दिवशी भिंतीपलीकडोन म्हणाली, "रागावलायसा व्हय माझ्यावर?"

आतून सटवाजी म्हणाला, "रागावून जातो कुठं? पुढं पंत आन्‌ मागं भिंत."

"मला भ्या वाटलं वो."

"समद्यांनाच वाटलं. ठकू कशी हाय?"

"प्वोट पुढं आलंय तिचं. नदीकडं बगत बसती."

सटवाजीने भाकरी सोडोन घेतली, आणि कोंडाबाई रिकामी दोरी हाती धरोन तैशीच उभी राहिली.

शेवटी शास्त्रीबोवांस एक तोड सुचली. मैदान रिकामे होणे हा नियम आहे; मनुष्य मैदानातून जाणे हा नियम नाही. मनुष्य जात नसेल तर मैदानाने मनुष्यापासोन दूर जावे. म्हणजे सटवाजीच्या पुढ्यातोन नवी भिंत घालावी, तिची दोन्ही टोके उगवतीच्या आणि मावळतीच्या जुन्या भिंतीस नेऊन भिडवावी, मग सटवाजी बसला आहे ती जागा मैदानाच्या बाहेर पडते, मैदान रिकामे होते, आणि शिंग फुंकण्यास हरकत राहत नाही. दोन्ही कारभाऱ्यांनी धन्य धन्य म्हटले. त्याच क्षणी हुकूम सुटले. उगवतीकरांच्या खाणी उघडल्या, मावळतीकरांचे गाडे जुंपले, दोहोंकडील गवंडी आणि पाथरवट एकत्र आले, इकडचा दगड आणि तिकडचा चुना, आणि लोक भिंतीवर चढोन पाहू लागले. काय ते काम! कोणी कोणाची आडकाठी केली नाही, कोणास कोणाच्या पाळीची वाट पाहावी लागली नाही, भिंत पाहता पाहता उभी राहिली, आणि ती नदीच्या पात्राहून लांब होती.

सटवाजी सर्व वेळ तिच्याकडे पाहत होता. शेवटचा थर चढताना तो गवंड्यास म्हणाला, "बाबा, ह्योच माझा पूल हुता की रं. आडवा निजायचा, तो तू उभा केलास." गवंड्याने थापी हातची खाली ठेविली, आणि मग पुन्हा उचलोन काम पुरे केले, कारण तयास दुसरा इलाज नव्हता. परंतु भिंतीवर चढलेल्यांनी हे शब्द ऐकिले, आणि तयांत हैबती होता, आणि कोंडाबाई होती.

मग शिंग फुंकिले. खडे मोजिले. मावळतीकरांचे मूठभर अधिक भरले आणि तयांची स्वारी हत्तीवरोन निघाली. शास्त्रीबोवांनी जाता जाता निवाडा दिला की, उत्तरेची जुनी भिंत आता मैदानास वेढत नाही, आणि जी वेढत नाही ती भिंत नव्हे, तो केवळ दगडांचा ढीग होय, तो फोडोन या माणसास मोकळे करावे. तैसे केले. म्हणजे ज्याने तिसरा दरवाजा मागितला त्याच्यासाठी भिंत फुटली खरी, परंतु तो बाहेर पडला तेव्हा त्याचा खडा घेण्यास रांजण नव्हता, आणि तो मैदानातच नव्हता ऐसे ठरले होते.

सटवाजी उठला. बसोन बसोन पाय आखडले होते, म्हणोन क्षणभर त्या भगदाडात उभा राहिला. मग शास्त्रीबोवांस म्हणाला, "बोवा, ढीग म्हणालासा न्हवं? मग ह्यो कुणाचा?"

शास्त्रीबोवा पालखीत बसत होते. ते बोलिले, "ढिगास धनी कसला?"

मग सटवाजी वाकला, एक दगड उचलोन खांद्यावर घेतला आणि नदीच्या वाटेने चालू लागला. कोणी हसले. तो गेला, दगड टाकोन परत आला, आणि दुसरा घेतला. तेव्हा कोंडाबाई भिंतीवरोन उतरली, पदर खोचला, आणि तिनेही एक दगड उचलिला, आणि नवऱ्याच्या मागे चालू लागली. मग हैबती आला. तो म्हणाला, "माझ्या बैलांस्नी तरी लाज वाटू दे, सटवा," आणि घाण्याचे बैल सोडोन गाड्यास जुंपिले. मग पैलगावचे आले, मग अलीकडचे आले, उगवतीच्या दरवाज्याने गेलेले आणि मावळतीच्या दरवाज्याने गेलेले, आणि त्या वाटेवर कोणी कोणास विचारिले नाही की तुझा खडा कोठे पडला. नव्या भिंतीचे काम संपोन रिकामे जाहलेले गवंडी, दोन्ही घराण्यांचे, तेही आले, कारण तयांना ठाऊक होते की हा दगड कसा बसतो. नदी जेथे दोन खडकांमध्ये आवळते तेथे त्यांनी खांब उभे केले आणि वर सागाच्या तुळया टाकिल्या. दोन्ही देवड्यांवर हे वर्तमान गेले; परंतु ढिगास धनी नाही हा निवाडा मोडावा तर नव्या भिंतीचा निवाडाही मोडतो, आणि तो मोडला तर कौल मोडतो, म्हणोन कारभाऱ्यांस गप्प बसणे प्राप्त जाहले.

आषाढात पूर आला. कठडे व्हायचे होते, तुळयांवर फळ्या अर्ध्याच होत्या, आणि पाणी खांबांस धडका देत होते. ठकूबाईस कळा सुरू जाहल्या. सटवाजी तिला आधीच अलीकडे आणू शकला असता, परंतु ठकूबाईच म्हणाली होती, "मामंजी, मी हितंच ऱ्हाते. मी तिकडं गेले तर पूल कुनासाठी बांधता?" आणि भिमा सुईण, वय जाहलेली बाई, एका हाताने हैबतीचा खांदा धरोन आणि दुसऱ्या हाताने आपली बोचकी सांभाळीत, तुळईवरोन पाऊल पाऊल चालत आली, आणि खाली पाहू नका म्हटले तरी खाली पाहतच आली, आणि म्हणाली, "त्या येळंला हिनं माझा आवाज गिळला, बगू तरी दे हिला." पूर ओसरण्याआधी मुलगी जाहली. ती रडली तेव्हा तिचा आवाज दोन्ही थड्यांवर ऐकू गेला ऐसे लोक सांगतात. लिहिणाराने तो ऐकिला नाही, तो त्या वेळी फळ्या धरोन उभा होता.

एवंच, पूल जाहला. पुढील कौलात उगवतीकरांनी सांगितले की दगड आमच्या खाणीचा, मावळतीकरांनी सांगितले की काम आमच्या पाळीत, आणि लोकांनी पूर्वीप्रमाणेच भय धरोन दोन दरवाज्यांनी पळ काढिला. दरवाजे अजोन दोनच आहेत, आणि मैदान मात्र पूर्वीहून लहान आहे. सटवाजी त्यानंतर कौलास गेला नाही. कोणी विचारिले तर म्हणे, जिथं माझा खडा पडतो ती जागा त्यांनी भिंतीबाहेर ठिवलीय. आणि पैलगावच्या बाया माहेरवाशिणीस निरोप देताना आजही त्या पुलावर थांबतात आणि एक खडा नदीत टाकितात. तो कोणी मोजीत नाही. इति हकीकत संपूर्ण. वाचणारांचे कल्याण असो.